लेकीचं रक्त आणि बिरोबाचा कौल

माझी मंडळी वारली आणि मी देवाला हात जोडायचं सोडून दिलं. तिला अंडाशयाचा कॅन्सर झालता. तिच्या आईलाबी तोच, थोरल्या बहिणीला छातीचा. तिच्या माहेरच्या बाया म्हाताऱ्या होतच न्हाईत, असं लोक तोंडावर म्हणायचे. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे करणी. मी म्हणायचो, लेकीबाळी खाणारी देवी असली तर तिला निवद कशाला दावायचा?

आजारपणातच डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलंतं. त्यात आईकडून आलेला दोष निघाला. तो लेकरांत उतरतो किंवा उतरत न्हाई. एकदा लेकरांना घेऊन सल्ल्याला या, असं त्यांनी सांगितलं. मी ते तसंच टाळीत राहिलो. पोरगा माझ्याजवळच, लेक नंदा वडवणीला दिलेली. माहेरी आली की विचारायची, "आबा, जायचं का?" मी म्हणायचो, मरण आधी कळून काय त्याच्यावर पेरणी करायची का? ती मान खाली घालून भाकरी थापीत बसायची. बायको गेली, आता लेकीचंबी तेच ऐकायची माझी छाती न्हवती, एवढीच खरी गोष्ट.

शेवटी काही ठरवता येईना म्हणून मांजरसुंब्याच्या वाटेवर आमचा बिरोबा हाय, तिथं कौल लावायला गेलो. देवाच्या दगडाला दोन बाजूंनी ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. लेकीचं रक्त तपासू का, एवढंच विचारलं. ऊन डोक्यावर आलं, तरी एकबी फूल हलंना.

तेवढ्यात एक अनोळखी बाई सावलीला आली. तिची गाडी रस्त्यावर पंक्चर झालती. डोक्याला फडकं, खाली बोट-बोट केस नुकते उगवलेले. तसले केस मी घरात पाहिलेले. न विचारताच मी तिला सगळं सांगून बसलो. तिनं ऐकून घेतलं, तांब्यातलं पाणी प्याली आणि म्हणाली, "बाबा, देवाला इच्यारलं ते बरं केलं. पोरीला इच्यारलं का?"

ती उठून गाडीकडं गेली, मी घराकडं. कोणतं फूल पडलं ते आजबी मला ठाऊक न्हाई. मी वळून पाहिलंच न्हाई.

नंदा माहेरी आलेलीच होती, घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "आबा, मी कवाची तयार हाय. तुमच्यासाठीच थांबलेते."

दवाखान्यात सल्ला देणारी मॅडम लेकीच्या वयाची होती. तिनं विचारलं, मुलगा का न्हाई आणला? मी म्हणालो, बायांच्या दुखण्यात त्याचं काय काम? ती म्हणाली, आईचा दोष मुलातबी उतरतो, त्यालाबी त्रास होऊ शकतो आणि त्याच्याकडून त्याच्या लेकरांत जातो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमी मेंढरं पाळणारी माणसं, मेंढा पारखताना त्याच्या आईची कास बघतो. मेंढा दूध देत न्हाई, पर त्याच्या लेकी देतात. हे मी तिला सांगितलं तर ती लई हसली, नंदाबी हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

नंदाच्या रक्तात दोष निघाला न्हाई. पोरात निघाला. तो हबकला. आता ठरल्या वेळी तपासायला जातो, नंदा हटकून संगट जाते. त्याची लेक चिमी लहान हाय. मोठी झाल्यावर तपासायचं का ते तिचं तीच ठरवील, असं मॅडम म्हणाल्या. मला ते पटलं.

ती गाडी नेमकी तिथंच का पंक्चर झाली, हे मी कुणाला पटवीत बसत न्हाई. मी परत देवळात जातो. आता कौल लावीत न्हाई. आधी म्हणायचो, देवा, हे टाळ. आता म्हणतो, जे हाय ते दिसू दे आणि आमच्याजवळ बस. एवढं म्हटलं की जेवण गोड लागतं, झोप लागते. मंडळी असती तर म्हणाली असती, लई उशिरा शहाणे झालात.