भेगेवरची काच

भूकंप काही सेकंदांचा होता. त्याच्या गोष्टी मात्र महिनोन्‌महिने संपत नाहीत. बातमी छापून येते ती चार ओळींची, आणि खिशात उरतं ते चार पानांचं. आमच्या तालुक्याच्या गावात वार्ताहरांसाठी वेगळी खोली वगैरे नाही. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरचा बाक हेच आमचं कार्यालय. त्या बाकावर ज्या गोष्टी मी सांगत आलो, त्यातल्या काही इथे लिहितो. पेपरात त्यांना जागा मिळाली नाही. पेपरात जागा जाहिरातींना असते.

गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. घाटंजीवाल्यांना वाटेल आमचंच, कळंबवाल्यांना वाटेल आमचं. वाटू द्या.

* * *

सकाळची वेळ. मी दाढी करत होतो. आरशात माझा चेहरा हलला, म्हटलं वय झालं. मग कपाटातली भांडी वाजायला लागली.

आमचे गजूभाऊ दुसऱ्या पेपरचे वार्ताहर. म्हणजे माझे वैरी, आणि रोज सोबत चहा पिणारे. ते बनियनवरच घराबाहेर धावले. भूकंपाच्या भीतीनं नव्हे, भांडायला. शेजारचा माणूस न विचारता बोअर मारतोय अशी त्यांची खात्री झाली होती. तर शेजारी समोरून तावातावानं येतच होता.

"काहून बे गजू, सकाळी सकाळी बोअर मारून राह्यला?"

"मी? तूच तं मारून राह्यला."

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. पायाखालची जमीन अजून गुरगुरत होती. शेवटी शेजारी हळूच म्हणाला, "मंग मारून कोण राह्यलं?"

तालुक्यातल्या सर्वात अनुभवी वार्ताहराला भूकंपाची बातमी अशी मिळाली. हे मी त्यांच्यासमोर सांगतो, म्हणून लिहायला हरकत नाही.

* * *

त्या सकाळी गावात एकही इमारत पडली नाही. भेगा मात्र खूप पडल्या, आणि त्यातली एक जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिसरीच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट स्लॅबपर्यंत. हाताची बोटं आत जातील एवढी. मुख्याध्यापिका मेश्रामबाईंनी त्याच दिवशी पोरांना दप्तरांसकट बाहेर काढलं, अंगणातल्या कडूनिंबाखाली वर्ग सुरू केला आणि खोलीला कुलूप घातलं.

मी पेपरच्या जिल्हा कचेरीत डेस्कला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, इमारती किती पडल्या? म्हटलं, एकही नाही, पण एक पडेल. तिकडून उत्तर आलं, "मग पडल्यावर पाठवा."

मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या पानावर चार ओळी आल्या. भांडून मिळवलेल्या.

* * *

बसस्टँडसमोरचा सिमेंटचा रस्ता नवा कोरा. त्यालाही भेग गेली. ठेकेदारानं लगेच जाहीर केलं की हा भूकंपाचा प्रताप आहे. मी रस्ता पायी तपासला. भेग जिथून ठेकेदाराचं काम सुरू होतं तिथून सुरू होत होती, आणि जिथे संपतं तिथे संपत होती. पुढचा जुना डांबरी रस्ता ठणठणीत. शिवाय उद्‌घाटनाच्या दिवशीचा माझ्या मोबाइलमधला फोटो होता. त्यात पाहुणे नारळ फोडत आहेत आणि भेग त्यांच्या बुटाखालून जाते आहे.

मी बातमी दिली: 'भूकंप नव्या रस्त्यापुरता मर्यादित.'

ठेकेदाराचा फोन आला. ओरडला नाही, धमकीही नाही. दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमचा निसर्गावर विश्वासच नाही."

* * *

नुकसानीचे पंचनामे सुरू झाले तेव्हा गावातली झाडून सगळी पडझड भूकंपाची झाली. एकानं आपली तुटकी खाटही दाखवली. तलाठी वैतागून गेले होते. अशात आम्ही त्यांच्यासोबत अंजनाबाईंकडे पोचलो. एकट्या राहतात, कापूस वेचायला जातात. त्यांच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत मोठी भेग. तलाठ्यांनी लिहायला पेन काढलं.

"थांब बापू," अंजनाबाई म्हणाल्या. "हे भूकंपाची नोहे. हे तं माह्या लग्नाच्या आधीची हाये. भूकंपाची ते पाहा, लहानी."

कोपऱ्यात खरंच एक केसाएवढी रेघ होती. तलाठ्यांनी समजावलं की एवढीशी भेग अर्जात बसत नाही, मोठी असेल तरच लिहिता येते.

"मंग होऊ दे मोठी," अंजनाबाई चुलीकडे वळत म्हणाल्या. "तवर च्या घ्या."

त्या दिवशी तलाठ्यांनी पहिल्यांदा कोणाकडे तरी मनापासून चहा घेतला.

* * *

इकडे बांधकाम खात्याचे साहेब शाळेत आले. भेग वाढते की थांबली हे बघायची त्यांची एक पद्धत असते. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची आणि खाली तारीख टाकायची. भेग सरकली तर काच तडकते. पट्टी शाबूत राहिली तर भिंत स्थिर. साधी, स्वस्त आणि खरी पद्धत. मला आवडली.

तीन दिवसांत काच तडकली.

मेश्रामबाईंनी कळवलं. साहेबांचा माणूस आला, त्यानं तडकलेली काच बघितली आणि अहवाल दिला: काच हलक्या प्रतीची. मग जाड काच लावली. आठवड्यात तीही तडकली. पुन्हा अहवाल. मग माणूस हसतमुखानं आला आणि त्यानं जाड प्लास्टिकची पट्टी बसवली. ती काही तडकली नाही. ती आजन्म तडकणार नाही.

पट्टी शाबूत, सबब खोली वापरण्यास सुरक्षित, असा कागद तयार झाला.

मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून विचारलं, "साहेब, परीक्षा भिंतीची होती की काचेची?"

ते म्हणाले, तुम्हा लोकांना सनसनाटी हवी असते. मी म्हटलं, मला खोलीचं कुलूप तसंच हवंय. त्यांनी चहा मागवला नाही. मीही बसलो नाही.

* * *

कागदावर शाळा समितीच्या सभेत सह्या व्हायच्या होत्या. सह्या झाल्या की सोमवारपासून तिसरी पुन्हा आत. मेश्रामबाईंनी सभेची तयारी स्वतः केली. सकाळी कुलूप उघडून, एकटीनं, घाईघाईत. तिसरीच्या खोलीत, बरोबर भेगेखाली खुर्च्या. टेबलावर झाकलेले पोहे. मी आणि गजूभाऊ अंगणात उभे होतो. एकमेकांशी न ठरवता दोघंही आलो होतो.

साहेब दारापर्यंत आले. आतल्या चकचकीत पट्टीकडे बघितलं. मग वर बघितलं.

"आत गरम होत असेल."

"पंखा लावते, साहेब," बाई बटणाकडे हात नेत म्हणाल्या.

"पंखा नको!" साहेब एकदम म्हणाले. मग सावरून, "म्हणजे बाहेर हवा चांगली आहे."

ड्रायव्हरला त्यांनी खुर्च्या बाहेर आणायला सांगितलं. ड्रायव्हर उंबऱ्यापाशी थांबला. "साहेब, मले पोरंबाळं हायेत."

"मले बी हायेत," मेश्रामबाई शांतपणे म्हणाल्या. "अख्खी तिसरी."

बाईंनी कुलूप लावलं, पोहे आतच राहिले. सभा कडूनिंबाच्या पारावर बसली, तिसरीची पोरं कौतुकानं सरकून साहेबांना जागा देत होती.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम खंडारे गुरुजींकडे. गुरुजींची एक जुनी खोड अशी की जे घडलं तेच लिहितात. अर्ध्या तासानं त्यांनी रजिस्टर साहेबांपुढे सहीला धरलं. मी खांद्यावरून वाचलं.

'स्थळ : तिसरीच्या खोलीपासून सुरक्षित अंतरावर, कडूनिंबाखाली. विषय : तिसरीची खोली सुरक्षित असल्याबाबत.'

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. बाजूला बसलेल्या पोरांकडे बघितलं. टोपण परत लावलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "स्थळ राहू द्या. विषय खोडा."