आण्णांच्या दुकानातला गेमचा कोपरा

दुकानात माल साठला की आमच्या आण्णांना झोप येत नाही. किस्से साठले की मला येत नाही. मालाला निदान सेल लावता येतो, किश्श्यांना कोण गिऱ्हाईक? म्हणून तुम्हाला पकडलं. बसा. चहा सांगितलाय, तो यायच्या आत उठायचं नाही.

आमचं दुकान इस्लामपुरात. पाण्याच्या मोटरी, मिक्सर, कुकर, पंखे, असला सगळा संसार. आण्णा मालक. मोटरी विकायला संत्या. तो बहुतेक आईच्या पोटातनंच कोटेशन घेऊन आलाय.

उन्हाळ्यात आण्णांचे पुण्याचे जावई आले आणि म्हणाले, "मामा, दुकानात व्हिडिओ गेम ठेवा. पुण्यात लय चालतंय." जावयाचा शब्द तोंडावर मोडता येत नाही. मग दाराजवळचा चांगला कोपरा, मोठा टीव्ही, गेमचे डबे, आणि ते विकायला मी.

एक गिऱ्हाईक येईना! यायची ती समोरच्या बापूंच्या गिरणीतली माणसं. दळण टाकायचं, आणि पीठ होईपर्यंत आमच्या पंख्याखाली उभं राहायचं. टीव्हीवर गाडी पळायची, ती बघायची, "बरं चाललंय" म्हणायची आणि पिठाचा डबा उचलून घरी.

आण्णा एक दिवस म्हणाले, "विक्या, दिवाळीपतूर बघतो. गेमचं गिऱ्हाईक लागलं तर ठीक. न्हाईतर त्या कोपऱ्यात घरघंट्या लावतो. घरच्या घरी दळायचं, बायका तुटून पडतील. आन् तू जा मोटरीच्या गोडाऊनला, संत्याच्या हाताखाली."

संत्या लगेच म्हणाला, "येताना झाडू घिऊन ये."

हे सगळं आण्णा नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे रस्त्यापलीकडं स्वच्छ ऐकू गेलं. बापू गिरणीतनं ओरडले, "आण्णा, घरोघरी चक्क्या गेल्यावर मी काय गिरणीत चिमण्या पाळू?"

त्या आठवड्यात आण्णांच्या घरची भाकरी खाताना दात वाजत होते. बापूंनी दळण भरड काढलं होतं.

*

पहिलं खरं गिऱ्हाईक आलं तेव्हा नेमका मी जेवायला गेलो होतो. कॉलेजचं पोरगं, सोबत वडील. समोर संत्या.

पोरानं विचारलं, "दादा, ग्राफिक्स कसं हाय?"

संत्या म्हणाला, "फुल कॉपर वायंडिंग."

"आन् खेळताना अडकत न्हाई ना?"

"विहिरीला पाणी असलं की न्हाई अडकत."

पोरगं मागं सरकलं. वडील मात्र पुढं सरकले. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदार सरळ बोलतोय असं त्यांना वाटलं असणार. मी परत आलो तर पोरगं पायरीवर डोळे पुसत बसलेलं आणि वडील मोटर रिक्षात चढवत होते.

संत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गड्या, अभिनंदन. तुझ्या कोपऱ्यातनं पैलं गिऱ्हाईक झालं!"

*

मग मी विचार केला, आपल्याकडं गर्दी कशाला जमते? कुणीतरी काहीतरी भलतंच करत असलं की जमते. म्हणून मागच्या गल्लीतल्या सुभेदारांना बोलावलं. फौजेतनं रिटायर माणूस. सकाळी त्यांच्या चालण्यावर लोक घड्याळ लावतात.

त्यांना लढाईचा गेम लावून दिला. खुर्चीवर ताठ बसले, रिमोट बंदुकीसारखा धरला, टीव्हीतला शिपाई एका भिंतीमागं नेऊन बसवला. संपलं. हलेचनात!

"सुभेदार, पुढं पळा की."

"ऑर्डर न्हाई."

पंख्याखालची माणसं जवळ आली. रस्त्यावरची आत आली. मधेच चहा आला, सुभेदारांनी भिंतीवरची नजर न हटवता तो पिला. तिकडं गेममधली बाकीची मंडळी एकमेकांना मारून संपत आलेली. शेवटी उरले दोघं. एक सुभेदार, आणि त्यांना हुडकत फिरणारा एक गडी. तो गडी भिंतीजवळ आला. सगळं दुकान पुढं वाकलं. गिरणीत दळण जळायला लागलं, तरी कुणी हलेना.

मी हळूच म्हणालो, "सुभेदार, फायर!"

सुभेदारांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुझी रँक काय?"

तेवढ्यात त्या गड्यानं सुभेदारांचा शिपाई उडवला!

सुभेदार उठले, कपडे झटकले आणि निघून गेले. मला वाटलं, हेही गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. सोबत त्यांच्याहून म्हातारे एक गृहस्थ, काठी टेकत.

"हे कोण?"

"हे माझं कॅप्टनसाहेब. आता ऑर्डर देतील."

एक डबा, दोन रिमोट. आमची खरी बोहनी ती.

*

पाटणकडनं एक पाहुणे आले. थोरला पोरगा फौजेत, त्यानं धाकट्यासाठी गेम घ्यायला सांगितलेला. मी डबा पिशवीत घातला तर पाहुण्यांचा चेहरा पडला.

"पूजा कोण करनार?"

"कसली?"

"आवं, नवी वस्तू हाय! ट्रॅक्टर घेतला तवा शोरूमवाल्यानं हार, नारळ, पेढं, फोटो, समदं केलं हुतं. तुमी काय कांदं-बटाटं दिल्यागत पिशवीत घालून देताय?"

मला पटलं. हार आणला, नारळ आणला, डब्याला हळदकुंकू लावलं. आता अडलं लिंबापाशी. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. डब्याला चाक कुठाय?

मी चेहरा गंभीर ठेवून म्हणालो, "ट्रॅक्टरचा गेम लावू. त्यात चाक आहे."

गेम लावला. टीव्हीवर ट्रॅक्टर उभा. संत्यानं गुडघ्यावर बसून टीव्हीच्या कडेवर बरोबर चाकाखाली लिंबू धरलं. पाहुण्यांच्या धाकट्यानं ट्रॅक्टर पुढं घेतला. गेला!

पाहुणे वाकून बघतायत. "लिंबू फुटलं न्हाई."

पाहुणे कपाळाला हात लावून म्हणाले, "माघारी पैसं द्या. अपशकुन हाय."

आण्णा गल्ल्यावरनं उठले. संत्याच्या हातातनं लिंबू घेतलं, फरशीवर ठेवलं आणि त्यावर चपलेसकट पाय दिला.

"फुटलं. पेढं वाटा."

पाहुण्यांनी फोटो स्टेटसला टाकला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावची दोन गिऱ्हाईकं आली. दोघांनीही आधी विचारलं, "लिंबू चिरडायला मालक सोता येत्यात न्हवं?"

*

श्रावणात आण्णांच्या काकींनी महिला मंडळाची मंगळागौर दुकानात घ्यायचं ठरवलं. कारण पंखे भरपूर होते. झिम्मा झाला, फुगडी झाली, आणि मग मी बॉक्सिंगचा गेम लावला. दोन्ही हातांत रिमोट धरायचे आणि हवेत ठोसे मारायचे, की टीव्हीतला पैलवान मारतो.

मंडळात एक सासू-सून होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मला न्हाई बाई असलं जमत." पदर खोचला आणि पहिल्याच ठोशात सुनेचा पैलवान आडवा!

सून म्हणाली, "आत्या, परत!"

परत आडवा. "आत्या, परत!" मग सुनेलाही सूर सापडला. नंतर कुणाला पाळीच मिळेना. जेवणाची वेळ झाली तरी दोघी घाम पुसत उभ्याच.

संध्याकाळी त्या सासूबाईंचा मुलगा आला. घाबरलेला. "दोघी हसत घरी आल्या हो! एका ताटात जेवल्या! हितं तुमी काय केलं?"

मी डबा दाखवला. त्यानं किंमत न विचारता घेतला.

आठ दिवसांनी परत आला. "पाव्हणं, अजून एक जोडी रिमोट द्या."

"का, तिघं खेळताय?"

"न्हाई, मला बी हातात कायतरी पायजे. आता दोघी एका बाजूला हायत."

*

याच दिवसांत एक चमत्कार सुरू झाला. दुपारी आम्ही जेवायला गेलो की दुकान अर्ध्या शटरवर असतं, आत फक्त संत्या झोपलेला. परत यावं तर गेमचा रिमोट पांढरा! रोज!

संत्यानं विचारलं, "हे काय रं?"

मलाही कळेना. पण कळत नाही असं दाखवायची मला सवय नाही. म्हटलं, "रिमोट पिकायला लागलाय. वय झालं की केस पिकतात, तसंच."

संत्या मनाला लावून घेतो. दुसऱ्या दिवशी रिमोटला खोबरेलाचा वास! त्यानं चांगलं चोळून लावलं होतं. आणि दुपारनंतर बघतो तर त्या तेलात तो पांढरेपणा मिसळून रिमोटवर चक्क मळलेलं पीठ तयार.

आण्णांनी बोटाला लावून वास घेतला. "जोंधळा हाय," म्हणाले, आणि विषय तिथंच राहिला, कारण बाहेर टेम्पो आला होता.

टेम्पोत घरघंट्या होत्या.

मी ओरडलो, "आण्णा, दिवाळीला अजून वेळ आहे!"

"बाबा, तुझी गिऱ्हाईकं येत्यात, पन एकेक. पाव्हण्यागत. मला रांग पायजे." आणि घरघंट्या गोडाऊनला उतरल्या. संत्यानं त्याच दिवशी मला झाडू दाखवला. नवीन होता.

*

आता शेवटचा डाव. आपल्या भागात रांग कशाला लागते? बैलगाडी शर्यतीला. म्हणून गाड्यांच्या गेमची स्पर्धा लावली, पण सगळी शर्यतीच्या पद्धतीनं. गट, सेमी, फायनल. सुरुवातीला निशाण. हलगी. आणि समालोचनाला शर्यतीचा खरा निवेदक, माईकसकट.

अडलं बक्षिसापाशी. आण्णा म्हणाले, "गेमचा डबा फुकट देनार न्हाई. जे पडून हाय त्यातलं द्या."

पडून काय होतं? मी फ्लेक्स छापून आणला. गेमच्या गाडीचं मोठं चित्र, आणि खाली: प्रथम क्रमांक, घरघंटी.

आण्णांनी फ्लेक्स बघितला आणि खाली बसले. "गेमवाल्या पोरास्नी घरघंटी? येड्या, कोन येनार?"

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी दारात बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात एकेक पोरगं, कानाला धरलेलं.

"ह्याला शिकवा."

"काकू, सहामाही परीक्षा तोंडावर आहे."

"परीक्षेत चकलीची भाजणी दळून मिळती व्हय? शिकवा!"

गावाची रीतच उलटी झाली. मैदानावर पोरं क्रिकेट खेळताना दिसली की आया काठी घेऊन येत. "गधड्या, चेंडू बडवत बसलाय! गेम काय तुझा बाप खेळनार?" बापही खेळायला लागले. दुकानात प्रॅक्टिसला नंबर लागेना, म्हणून लोकांनी घरी डबे न्यायला सुरुवात केली. रांग लागली! आण्णांचा हिशेबच जुळेना.

"विक्या, एका घरघंटीसाठी हे लोक त्याच्यापेक्षा महाग डबा का घेत्यात?"

"आण्णा, गिऱ्हाईकाला 'का' विचारायचं नसतं, लिंबू चिरडायचं असतं."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी फायनल. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. चौघंजण फायनलला. तीन कॉलेजची पोरं, आणि एक गडी तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. नाव विचारलं तर नुसता हात हलवायचा.

निशाण पडलं. निवेदकाला चेव आला. "आली आली आली! टॉवेलवाल्याची गाडी आली! काय ती वळणं, काय तो सुसाट वेग, अरे धरा कुणीतरी त्याला!" पोरांच्या आया खुर्च्यांवर चढल्या. एकीनं देवाला नवस बोलला, दुसरीनं तो ऐकून मोठा बोलला. शेवटच्या वळणावर टॉवेलवाल्यानं एका गाडीला अशी काही बगल दिली की सुभेदारांनी उभं राहून सॅल्यूट केला.

टॉवेलवाला पहिला!

सत्काराला टॉवेल काढावा लागला. बापू! पांढऱ्या भुवया, पांढरे हात, कपाळावर घाम आणि घामात पीठ.

संत्या किंचाळला, "ह्यानंच रिमोट पिकवला!"

आया खुर्च्यांवरनं उतरायचं विसरल्या. बापूंना कुणी उचलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःवर गुलाल टाकून घेतला. आण्णांनी घरघंटीला हार घातला आणि पुढं सरकवली.

बापूंनी तिच्यावरनं हात फिरवला. मग विचारलं, "आण्णा, गोडाऊनला अजून हायत काय असल्या?"

"हायत की. ढीग पडलाय."

"मग तेवढ्या स्पर्धा घ्या. मी येतो. मला चिमण्या न्हाईत पाळायच्या."

आण्णांनी एकदा बापूंकडं बघितलं. एकदा आयांकडं, त्यांनी पोरांचे कान परत धरले होते. मग संत्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि मला म्हणाले,

"विक्या, खुर्च्या वाढव."