शिवतेजची दाबाची बंडी

शिवतेजला ‘पोतं’ हे नाव मी ठेवलं, पाचवीत असताना. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही दिग्विजयला शिव्या घालाल आणि मी नामानिराळा राहीन. तसं व्हायला नको.

आमचं गाव कोरेगावपासून सात किलोमीटरवर. शिवतेजचे वडील नाथाजीअण्णा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. त्यांचे वडीलही फौजेतलेच. त्यामुळे शिवतेज पाळण्यात असतानाच त्याचं ठरलेलं होतं. पण पोरगं दहावीत शंभर किलोच्या घरात गेलं. तरी अण्णा त्याला भरतीला घेऊन गेलेच. काट्यावर चढायच्या आधीच एका साहेबाने त्याला हातानेच खूण केली, बाजूला हो. अण्णा मैदानाबाहेर चपाती-भाजीचा डबा घेऊन बसले होते. डबा तसाच घरी आला, आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं कामापुरतं उरलं.

शिवतेजने कोरेगावात पाण्याच्या मोटारी रिवायंड करायचं दुकान टाकलं. हात असा की जळालेली मोटार बघून कुठल्या विहिरीवरची ते सांगायचा. पण लोक आधी त्याच्या पोटाकडे बघायचे आणि मग मोटारीकडे. आम्ही मित्र, मी आणि दिग्विजय, तर काय, हक्काचे. “पोत्या, सरक रं जरा, वारा येऊ दे,” हा आमचा रामराम होता. तोही हसायचा. तो हसतो म्हणजे त्याला चालतं, असा आमचा सोयीचा समज.

सव्विसाव्या वर्षी, एकशे एकतीस किलोवर असताना, त्याने कुणाला न सांगता गाडी घरी ठेवली आणि दुकानाला चालत जायला लागला. सात जाताना, सात येताना. साखर सुटली, भात सुटला, चहा बिनसाखरेचा झाला. गाव पहिले दोन महिने हसलं, मग कंटाळलं, आणि वीस महिन्यांनी गप्प बसलं. शिवतेज चौऱ्याहत्तर किलोचा झाला होता. पारावर अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी समोर होतो. शिवतेज दचकून थोडा पुढे सरकला, हे मला स्पष्ट आठवतं. तो का सरकला ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने शर्ट वर केला. चरबी गेली होती, पण कातडी जागच्या जागी होती. पोटाची घडी पार जांघेपर्यंत लोंबत होती. छाती ओघळलेली. काखेखाली, पाठीला, सगळीकडे वळकट्या. चेहरा अठ्ठावीस वर्षांच्या पोराचा आणि अंग ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं.

“आता खरंच पोतं झालो बघ शंभ्या,” तो म्हणाला. “रिकामं.”

त्या दिवशी मी हसलो नव्हतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. कमरेभोवती लांबलचक कापायचं आणि पुढे कित्येक महिने वजन उचलायचं नाही. घरात कुणाला कातडीचं माहीतच नव्हतं, त्यामुळे विचारायचा प्रश्न नव्हता. आणि मोटारी न उचलता दुकान कसं चालणार? दवाखान्यातल्याच एका सिस्टरने मग सांगलीजवळच्या माधवनगरच्या जरिनाभाभींचा पत्ता दिला.

मी त्याला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. एका खोलीत दोन मशिनी, भिंतीला टांगलेले मापाचे कागदी कट. जरिनाभाभी पंधरा वर्षं भाजलेल्या बायकांसाठी घट्ट कपडे शिवत आल्या होत्या. जखम भरल्यावर वण उठू नये म्हणून अंगावर दाब देणारे कपडे. अलीकडे वजन उतरवलेली माणसंही यायला लागली होती. मी सवयीने शिवतेजच्या पुढे आत घुसलो, तर त्यांनी दारातच हात आडवा केला.

“डायवरदादा, तुमी भाईर बसा.”

मला लागलंच ते. “डायवर न्हाई मी. दोस्त हाय त्याचा, बालवाडीपासनं.”

“राहू द्या भाभी त्याला,” शिवतेज म्हणाला. “त्याच्यापासनं काय लपलेलं न्हाई.”

भाभींनी दर दोन इंचाला माप घेतलं. टेप पोटावर आला तशा त्या थांबल्या. “पोट आत वढू नका दादा. श्वास सोडा. माझ्याकडं यिऊन बी लोक पोट आत वढत्यात. मग बंडी दिवसभर त्याचा वचपा काढती.” शिवतेजने श्वास सोडला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं आणि भाभी टेपवरचे आकडे जरा जास्तच वेळ वाचत बसल्या.

पंधरा दिवसांनी बंडी मिळाली. अंगाच्या रंगाचं जाड, ताणणारं कापड, पोटावर दुहेरी, एका बाजूला चेन आणि चेनच्या आत हुकांची रांग. भाभींनी सगळी कातडी हाताने वर घेत, नीट बसवत ती चढवली आणि वरून शर्ट घालायला सांगितला. शर्ट सरळ खाली पडला. शिवतेजने आयुष्यात पहिल्यांदा शर्ट इन केला. परतीच्या वाटेवर तो सारखा पोटावरून हात फिरवत होता. मला म्हणाला, “लय ब्येस वाटतंय गड्या.” मलाही आनंद झाला, खोटं का सांगू.

पुढे त्या बंडीने त्याचे हाल केले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एप्रिलमध्ये घामोळं उठायचं, हुकांखाली कातडी सोलायची. पोटभर जेवला तर श्वास लागायचा. पुढे दुसरीही शिवून घेतली; रोज एक बंडी गार पाण्यात धुऊन दुकानाच्या गच्चीवर, टाकीच्या मागे वाळत घालायचा, घरी कुणाला दिसू नये म्हणून. पण ती अंगात असली की माणूस ताठ चालायचा.

मग राजनंदिनीचं स्थळ आलं. सांगलीच्या विश्रामबागची, एका क्लासमध्ये गणित शिकवणारी. दोघांचं पहिल्याच भेटीत जमलं. साखरपुड्याआधी तो मला म्हणाला, “तिला सांगून टाकतो.” मी शहाणपणा केला. म्हणालो, “झाकली मूठ सव्वा लाखाची. लगीन हू दे, मग सांग.” त्याने ऐकलं. लग्नाच्या आठ दिवस आधी मात्र तो दुकानात समोर बसून म्हणाला,

“न्हाई शंभ्या. मी फसवून लगीन करणार न्हाई. हळद झाली की संध्याकाळी तिला फोन करणार. सगळं सांगणार. तिला नको वाटलं तर अक्षता पडायच्या आधी म्हणू दे.”

“आजच कर की मग.”

“आज छाती हुईना. अंगाला हळद लागल्यावर हुईल, असं वाटतंय.” मग त्याने माझा हात धरला. “तवर माझं एवढं सांभाळ. हळदीत मला उघडं करू नका. तिला माझ्या तोंडून कळलं पायजे.”

आमच्याकडे बायकांची हळद लावून झाली की मित्रांची पाळी येते. नवरदेवाला खाली ओढायचं, बनियन टराटरा फाडायचं आणि त्याला आपादमस्तक पिवळा करायचा. माझं फाडलं होतं, दिग्विजयचं फाडलं होतं. त्यात शिवतेजच सगळ्यात पुढे असायचा, कारण दुसऱ्याचं फाडताना आपल्याकडे कुणी बघत नाही.

मी काय करायला हवं होतं? आडवं उभं राहायचं होतं, बस. त्याऐवजी हळदीच्या आदल्या दिवशी मी दिग्विजयला बाजूला घेतलं. म्हणालो, “शिवाचं बनियन फाडायचं न्हाई.” तो म्हणाला, “का? त्याला काय सोनं लागलंय?” आणि मी सांगितलं. सगळं. बंडी, कातडी, माधवनगर. कारण समजलं तर तो ऐकेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं असं की दोन वर्षं ते माझ्या पोटात राहत नव्हतं, आणि जे कुणालाच माहीत नाही ते मला माहीत आहे, हे कुणाला तरी दाखवायचं होतं. दिग्विजय म्हणाला, “आयला, व्हय?” आणि शपथ घेतली.

हळद सकाळी दहाला. शिवतेज पाटावर बसला होता, बंडीवर पांढरं बनियन, त्यावर उपरणं. बनुआत्या, अण्णांच्या थोरल्या बहीण, आणि बाकीच्या बायकांनी हात, पाय, गालांना हळद लावली. डीजे सुरू झाला. मी त्याच्या उजव्या हाताला उभा होतो. दिग्विजय नाचत नाचत आला, मागून वाकला आणि बनियन फाडलं.

तिथेच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आतली बंडी बघून पोरांना चेव आला. तिघे-चौघे तिलाही झोंबले. ती फाटेना. जरिनाभाभींची शिलाई होती ती. कापड ताणलं, शिवतेज पाटावरून फरफटत खाली आला, आणि मग चेन सुटली. हुक एकामागून एक निघाले आणि त्याचं सगळं अंग मांडवात बाहेर पडलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “पोतं!”

आणि मी हसलो.

का, ते मला आजही सांगता येत नाही. वीस वर्षांची सवय. ते नाव कानावर पडलं की माझं तोंड आपोआप उघडायचं, तसं ते उघडलं. शिवतेज दोन्ही हातांनी बंडी ओढायला बघत होता आणि हळदीचे हात कापडावरून निसटत होते. त्याने दिग्विजयकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी सांगितलंय, हे त्याला तेव्हाच कळलं.

अण्णांनी जाऊन डीजेची वायर उपटली. बनुआत्या हळदीची वाटी घेऊन पुढे आल्या. “व्हा बाजूला, मुडद्यांनो!” त्या खाली बसल्या आणि भाच्याच्या लोंबणाऱ्या पोटाला, मान खाली घालून, हळद लावायला लागल्या. “एवढं अंग झिजवलंस लेकरा, आन आमाला दावलं न्हाईस व्हय?” अण्णा जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी आपलं उपरणं मुलाच्या खांद्यावर टाकलं आणि तसेच उभे राहिले, लोकांकडे पाठ करून.

उष्टी हळद घेऊन सांगलीला जायची गाडी मीच चालवणार, असं आधीच ठरलेलं होतं. कुणी बदललं नाही, मीही नाही म्हणालो नाही. मागे शिवतेजची बहीण संयोगिता वाटी मांडीवर घेऊन रडत होती. पोचायला तीन तास लागले. मांडवात कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता.

वाटी आत गेली. थोड्या वेळाने राजनंदिनी स्वतः बाहेर आली आणि तिने मला फाटकापाशी बोलावलं. हातात मोबाईल होता.

“सकाळी त्यांचा फोन आला होता. संध्याकाळी एक महत्त्वाचं सांगायचंय म्हणाले. ते हेच का?”

मी मान हलवली.

“याच्या शेवटी कुणीतरी हसतंय. कोण आहे ते?”

“मी,” मी म्हणालो.

ती रागावली नाही. परक्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. “त्यांना सांगा, हळद पोचली. आणि संध्याकाळी करायचा ठरलेला फोन करा म्हणावं. मी काही बघितलं नाही असं समजून ऐकेन.”

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. शिवतेज पडवीत, उन्हाळ्याच्या दिवसांत, शाल पांघरून बसला होता. खाली बघूनच “बरं” म्हणाला. दिवेलागणीला तो मोबाईल घेऊन घरामागच्या परड्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मी मांडवाच्या शेवटच्या रांगेतून अक्षता टाकल्या. एवढ्या लांबून त्या काही त्याच्यापर्यंत पोचल्या नसणार.

पुढे मी चारदा त्याच्या दुकानात गेलो. दर वेळी त्याने चहा मागवला, पावसापाण्याचं, मोटारींचं बोलला. माफी मागायला तोंड उघडलं की, “झालं गेलं सोडून दे,” म्हणून पाना उचलायचा. भांडला असता, दोन कानफटात ओढल्या असत्या, तर मी घरी जाऊन झोपलो असतो. त्याने तेवढंही दिलं नाही.

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या शेतातली हळद घालायला गेलो होतो. गाडी रिकामी झाल्यावर पाय माधवनगरकडे वळले. जरिनाभाभी मशिनीवर होत्या. समोर एक अंगाच्या रंगाची बंडी पसरली होती, तिच्यावर धुऊनही न गेलेले पिवळे डाग.

“शिवतेजदादांची,” त्या म्हणाल्या. “नवी चेन लावाया दिलीया. आता मालकीणबाई येत्यात संगं. हातानं नीट चढवून बी देत्यात त्या. म्हणल्या, घरात असल्यावर लागत न्हाई, भाईरच्यापुरती हाय. म्हणून जरा सैल केली.” मग त्यांनी कापड उजेडात धरलं. “शिलाईचा एक टाका उसवला न्हाई बगा. किती जोरात वढलं आसंल मेल्यांनी! कोण वैरी हुते का काय?”

त्यांनी चष्मा वर करून मला निरखून बघितलं.

“तुमी आलावता न्हवं त्यांच्यासंगं? त्यांचे दोस्त ना तुमी, बालवाडीपासनंचे?”

“न्हाई भाभी,” मी म्हणालो. “मी फक्त गाडी चालवायचो.”