मूर्तिजापूरचं काम

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी प्रोग्रामर आहे. मशीन आपणहून काही करत नाही, चूक कुठल्यातरी माणसाचीच असते, हे मी दहा वर्षं लोकांना ऐकवत आलेय. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिते.

आमची फ्रिज-एसी दुरुस्तीची कंपनी. ऑफिस अमरावतीत, मेकॅनिक अकोल्यापर्यंत पसरलेले. ग्राहकानं ॲपवर वेळ घेतली की काम कोणाला द्यायचं ते माझा प्रोग्राम ठरवतो — एपीआयवरून कामाचा नंबर आणि मेकॅनिकचा नंबर सर्व्हरला जातो आणि त्या माणसाच्या मोबाईलवर टिंग वाजतं. यात जादू काही नाही.

अकोल्याचे गजाननभाऊ आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. कुठेही पाठवा, तक्रार नाही. अट एकच — "मॅडम, मूर्तिजापूरचं काम मले देऊ नका. दिलं तर दुसऱ्या दिवशी मी येनार नाही."

कारण मूर्तिजापुरात त्यांची बहीण. नव्या घराच्या वास्तूचं आवतन त्यांनी तिला व्हॉट्सॲपवर धाडलं. घरी जाऊन कुंकू लावून अक्षत दिली नाही, म्हणून ती आली नाही. ती आली नाही, म्हणून हे रुसले. चार वर्षं बोलणं बंद. मग मी प्रोग्राममध्ये नियमच टाकला: गजाननभाऊंना मूर्तिजापूर कधीच नाही.

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, मूर्तिजापूरचं एक फ्रिजचं काम त्यांच्याच नावावर पडलेलं दिसलं. असा माणूस गेला तर परत मिळायचा नाही. मी ते काम काढून दुसऱ्या मेकॅनिकला, रफिकभाईंना, दिलं. उत्तर आलं — यशस्वी. स्क्रीन पाहिली, तर पुन्हा गजाननभाऊ. तीनदा बदललं. तीनदा 'यशस्वी', आणि तीनदा गजाननभाऊ. शेवटी फोनच लावला.

"भाऊ, कुठे आहात?"

"मूर्तिजापुरात. घर तिचंच निघालं, मॅडम. पत्ता नवा, बुकिंग पोरीच्या नावानं हाय, मले काय मालूम."

"अहो, पण गेलातच कशाला?"

"तुमीच चार खेपा टिंग वाजवलं ना. मले वाटलं, मॅडमची लयच अडचण असन."

मी काही बोलायच्या आत पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला आणि एका बाईचा आवाज — "तुले कोनं बोलावलं?"

"मले कोनी नाही बोलावलं. कंपनीनं धाडलं."

मी कानाला फोन दाबून बसले होते, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "उद्या पोरीचं साक्षगंध हाय. श्रीखंड नासून राहिलं. उभा काहून? ये आत."

फोन कट.

ते चाळीस मिनिटांचं काम गजाननभाऊंनी ॲपवर 'पूर्ण' केलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भाचीच्या साखरपुड्यात मामाला जेवल्याशिवाय सोडलं नाही म्हणे.

मग मी लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, काढले. माझे तिन्ही बदल तिथे आहेत, रफिकभाईंच्याच नावानं. ते परत कोणी फिरवले, याची एक ओळ नाही. रफिकभाईंचा मोबाईल वाजलाच नव्हता. माझा नियमही जागच्या जागी. त्याआधी आणि त्यानंतर तो एकदाही मोडलेला नाही. सहकारी म्हणतो, आपल्याकडे पाच गजानन आहेत, नावांचा घोटाळा झाला असेल. अहो, पण मी रफिक निवडत होते...

परवा गजाननभाऊंचा फोन आला. "मॅडम, ती मूर्तिजापूरची अट काढून टाका. भाऊबीजेले तर तिकडचंच काम द्या."

नियम पुसताना डोळे भरून आले माझे. हे घडलं कसं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी तीन-तीनदा त्यांना त्या दारातून मागे ओढणारी मीच होते, एवढं मात्र लॉगमध्ये स्वच्छ दिसतं.