तोलून वाढणारे भाऊजी

भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ नवऱ्यावर कडाडत होती, "उंदरांना काट्यावर तोलून घालता, मग स्वतःच्या ताटापुढे काय होतं हो तुम्हाला?"

"उंदरांना कुणी आग्रह करत नाही," भाऊजी शांतपणे म्हणाले.

"मी करते आग्रह? मी?"

"पातेलं पुढ्यात येतं. मी त्याला नाही म्हणत नाही, एवढंच."

मी तोंडावर हात दाबून हसले. पण भांडण हसण्यासारखं नव्हतं. बूट लागून भाऊजींच्या टाचेला झालेली जखम महिनोन्महिने भरत नव्हती आणि डॉक्टर पाय कापायची भाषा करू लागले होते.

त्यांची नोकरी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची. अर्ध्यांना तेलकट खाणं, अर्ध्यांना साधं. प्रत्येकाच्या कानाला बारीक भोक पाडायचं आणि ते किती लवकर बुजतं हे तिथल्या संशोधक बाई बघायच्या. साधं खाणाऱ्यांचं चटकन बुजे. तेलकट खाऊन गोल झालेल्यांचं उघडंच राही, आणि ऐन तारुण्यात ते म्हाताऱ्यासारखे कोपरा धरून बसत. भाऊजींना त्यांचाच कळवळा. "आमच्याच घराण्यातले दिसतात," म्हणायचे.

त्या कळवळ्यापायी एक करून बसले. सुट्टीच्या दिवशी तिथे दुसरं कुणी नसे, तेव्हा गोल उंदरांना गुपचूप साधं खाणं घालू लागले. भोकं बुजायला लागली! बाई चक्रावल्या. शेवटी भाऊजींनीच कबूल केलं. बाईंची सगळी मेहनत मातीत गेली. त्या खूप बोलल्या, मग भाऊजींच्या टाचेकडे बघून त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावलं.

घरी येऊन भाऊजी आम्हाला म्हणाले, "फाजील चरबी गप्प पडून राहत नाही म्हणे. चोर आला, चोर आला, म्हणून सारखी ओरडते. अंगातले रोगाशी लढणारे शिपाई उगाच धावून धावून अकाली म्हातारे होतात. खरा चोर येतो तेव्हा ते पेंगत असतात." मग बायकोकडे वळले. "उंदरांचं सुधारलं. आता माझंही तोलून वाढ."

तिनं खरंच काटा आणला. "हा घास आहे की औषधाची गोळी?" अशी कुरकुर रोज ऐकू यायची. पण टाच हळूहळू भरली, पाय वाचला. भाऊजी गल्लीभर टाच दाखवत हिंडले. बाईंनीही नवे उंदीर आणून त्यांच्याच हाती दिले.

पण काही शिपाई म्हातारे झाले ते झालेच. पुढच्या थंडीत साधा खोकला छातीत उतरला आणि भाऊजी त्यातून उठले नाहीत. अंथरूण धरलं त्याच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. अंगात कणकण, तरी उंदरांकडे निघाले. मी सोबत गेले.

"आज गोल मंडळींना चोरून साधं घालणार ना?" मी विचारलं.

"छे हो वहिनी. बाईंना शब्द दिलाय."

तेलकट गोळ्या त्यांनी काट्यावर ठेवल्या. एक जास्त झाली, ती काढून घेतली. "माफ कर रे बाबा," असं प्रत्येक पिंजऱ्यापाशी पुटपुटले. पाण्याच्या बाटल्या भरल्या, दिवा मालवला, कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली खुंटीला अडकवली.