न चालणाऱ्या यंत्राचं अनुदान

आफ्के ब्लेकरशी गोड बोलून ज्यानं काही मिळवलंय, असा माणूस अंदाइक गावच्या समुद्रबांधापासून होर्न शहरापर्यंत शोधलात तरी सापडायचा नाही. बाई तोंडाची फटकळ आणि हाताची पक्की. सोळाव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या कारखान्यात शिरली, ती साठी आली तरी बाहेर पडली नाही. ट्यूलिपचे कंद धुवायची, चाळायची, सोलायची यंत्रं ती बनवायची, दुरुस्त करायची, आणि ज्यांनी ती बिघडवली त्यांचा उद्धार करायची. शेतकरी दुरुस्तीचे पैसे मोजायचे आणि शिव्या फुकट घेऊन जायचे.

पण तिचा खरा दात होता तो सख्ख्या भावावर. हार्मन तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. तो जन्मला त्याच आठवड्यात बापानं शिडी लावली आणि कारखान्यावरची पाटी नव्यानं रंगवली: 'ब्लेकर आणि मुलगा'. ज्याला अजून मान धरता येत नव्हती ते पोर पाटीवर चढलं, आणि हातात पाना घेऊन बापाच्या मागेमागे फिरणारी आफ्के खाली उभी बघत राहिली. बाप गेल्यावर ती म्हणाली, आता पाटी बदलू. हार्मन म्हणाला, "गिऱ्हाईक ओळखतं ती पाटी. उगाच कशाला?" झालं! ते 'उगाच' तिच्या डोक्यात गेलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद, काम चालू. अर्धा कारखाना तिचा, अर्धा त्याचा; जाणार कुठे? मग मधे कुत्रा आला.

"पुक, तुझ्या धन्याला विचार, मोठा पाना कुठे घातलाय त्यानं."

"पुक, हिला सांग, हिच्या नाकासमोर आहे."

पुक बिचारा एकदा हिच्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे. हा तिसरा पुक. आधीचे दोघे याच नोकरीत म्हातारे होऊन मेले. आणि गावात कुणाचाही वाढदिवस असो, सगळे गोलाकार खुर्च्या मांडून बसले, केकची बशी मांडीवर आली, की आफ्केचं एकच पालुपद सुरू व्हायचं: आमच्या हार्मनला काही म्हणजे काही जमत नाही. हार्मन समोरच्याच खुर्चीत बसून केक खात असायचा.

आता हार्मनला खरंच काही जमत नव्हतं का? तर एक गोष्ट जमली होती, आणि तीच नेमकी सगळ्यांना हवी होती. कंद सोलायची यंत्रं होती पुष्कळ, पण ती रबरी रुळांत कंद दाबायची. साल निघायची, कंदाला मुका मार बसायचा, आणि कोठारात निम्मे कंद सडायचे. म्हणून उन्हाळ्यात गावची शाळकरी पोरं आणि म्हाताऱ्या बाया अजून हातानं सोलायला बसायच्या. हार्मननं रूळ काढून टाकले. खालून वाऱ्याचा झोत सोडला, त्यावर कंद नाचत ठेवले आणि वरून मऊ ब्रश फिरवले. छोटं यंत्र तयार झालं. शेतकऱ्यांना मात्र मोठं हवं होतं, आणि मोठं बांधायचं तर होतं नव्हतं ते सगळं छोट्यावर संपलेलं. बँकेनं हात वर केले. एंकहाउझनचा एक बडा यंत्रवाला हार्मनचा अर्धा वाटा घ्यायला टपूनच बसला होता.

"पुक," एके दिवशी हार्मन म्हणाला, "पानगळीपर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर मी माझा वाटा विकतोय म्हणून सांग."

आफ्केच्या हातातली पकड खाली पडली. अर्धा कारखाना घेऊन करायचं काय, चाटायचा? तिला कारखान्याशिवाय दुसरं काही नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, हौसेचा म्हणून एक छंद नाही. कारखाना गेला की तीही संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या भीतीनं ती महिनाभर सगळ्यांवर दुप्पट खेकसली.

तेव्हा उगवला रोडरिक. लहान धंद्यांना सरकारी संशोधन अनुदान मिळवून द्यायचं, आणि मिळालं तर त्यातला लचका तोडायचा, हा त्याचा उद्योग. टोकदार बूट, तेलकट हसू. कंदांच्या मातीत बूट बरबटले म्हणून त्यानं आधी दारातच तोंड वाकडं केलं.

"यंत्र चालतं?" त्यानं विचारलं.

"चालतं की!"

"मग ते विसरा, बाई. सरकार शोधायला पैसे देतं, सापडलेल्याला नाही. तुम्हाला अजून काही सापडलेलं नाही. तुम्ही धडपडताय, सारखे फसताय."

"म्हणजे चालतं यंत्र झाकून ठेवायचं आणि रडत बसायचं?"

"थोडं रडा. हरकत नाही."

"आणि मोठं बांधायला म्हणून पैसे मागितले तर?"

"बांधणं म्हणजे नुसतं बांधणं. त्याला एक दमडी मिळणार नाही. पाहणीला तपासनीस येईल, तेव्हा एवढंच सांगायचं, की भाऊ खपतोय पण जमत नाहीये. जमेल तुम्हाला?"

आफ्के खो खो हसली. "हे तर मी वर्षानुवर्षं फुकट सांगत आलेय!"

कोपऱ्यात हार्मन कानस चालवत होता. कानस थांबली. "पुक," तो म्हणाला, "मी मधे तोंड उघडणार नाही म्हणून सांग." आणि कानस पुन्हा सुरू झाली.

जुलैत, ऐन कंद काढायच्या हंगामात, तपासनीस फान लून बाई आल्या. शांत, नीटनेटक्या, पायात आपणहून रबरी बूट घालून आलेल्या. आफ्केनं कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्किट दिलं. रोडरिकचा हात दुसऱ्यासाठी पुढे आला तसं तिनं डब्याचं झाकण त्याच्या बोटांवर लावलं.

मग तिनं सुरुवात केली. रोडरिकनं शिकवलेलं दोन वाक्यांत संपलं, पण बाईला थांबता येईना. हा लहानपणी सायकलची साखळी उलटी बसवायचा. यानं बापाचा लेथ बिघडवला. याला रेषा सरळ मारता येत नाही, याच्या हातात लोखंड म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. पाटीवर हा आहे तो जन्मला म्हणून. बाकी आयुष्यात यानं काय केलंय? बोलता बोलता ती विसरूनच गेली की हे अनुदानासाठी चाललंय. इतक्या वर्षांचं साठलेलं एका परक्या बाईपुढे भडाभडा बाहेर पडलं. फान लून बाई लिहून घेत होत्या. रोडरिक खुशीत मान डोलावत होता.

हार्मनचे कान लालबुंद झाले. तो उठला, यंत्रावरचं ताडपत्रीचं पांघरूण खसकन ओढलं, कंदांचं टोपलं त्यात ओतलं आणि बटण दाबलं.

यंत्र घुमलं. कंद उडाले, नाचले, सालपटं भुरभुर उडाली, आणि पलीकडे पांढरेशुभ्र कंद टपाटप पडायला लागले. फान लून बाईंनी एक कंद उचलला, फिरवून बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता.

"हे कधीपासून चालतंय?" त्यांनी विचारलं.

रोडरिक मोठ्यानं हसला. "अहो, योगायोग! लागून जातं एखाद्या वेळी. यांना स्वतःलाच कळलेलं नाही कसं झालं ते. गावठी कारागीर, दिवसभर ठोकत बसतात, कधीतरी बरं निघतं. म्हणून तर संशोधन हवंय. काय, ब्लेकर बाई?"

सगळ्यांनी आफ्केकडे बघितलं. नुसती मान हलवायची होती. हलवली की अनुदान पदरात, कारखाना वाचला, आणि खोटं तरी काय नवीन होतं? तिचंच जुनं बोलणं होतं ते, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आलेलं.

"लागून गेलं?" आफ्के म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "ए बुटवाल्या, गावठी कुणाला म्हणतोस? दोन हंगाम चालतंय ते! पहिल्याच दिवशी, हा जेवायला गेला तेव्हा, मी चोरून टोपलंभर कंद सोलून बघितले. एकालाही डाग नाही. माझा बाप जन्मभर खपला, त्याला जमलं नाही. मला जमलं नाही. याला जमलं! आणि कसं जमलं ते याला पुरतं माहीत आहे!"

फान लून बाईंनी वही मिटली. "मग शोधायचं काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र फार सुंदर आहे." आणि कॉफीबद्दल आभार मानून गेल्या. रोडरिक त्यांच्या मागोमाग निघाला. जाताना गाडीचं दार धाडकन आपटलं.

मग हार्मन फुटला. "अगं ए बये! डोकं फिरलंय का तुझं? नुसती मान हलवायची होती!"

"मग तू कशाला बटण दाबलंस, गाढवा?"

"तू थांबत नव्हतीस म्हणून! एवढं सगळं बोलायला सांगितलं होतं त्यानं? साखळीसुद्धा काढलीस? आणि दोन हंगाम माहीत होतं तुला? दोन हंगाम! एका शब्दानं बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

"कुणाला विचारू? कुत्र्याला?"

पुक मधे उभा होता. त्याला कुणी काहीच सांगत नव्हतं. थोडा वेळ वाट बघून तो बाकाखाली जाऊन पडला.

पानगळीत हार्मननं वाटा विकला. त्यानं सांगितलं होतं तसंच केलं, आणि एकट्या अर्ध्याला धरून बसण्यात अर्थ नव्हता म्हणून आफ्केनंही विकला. एंकहाउझनवाल्यांनी पहिल्याच दिवशी पाटी उतरवली. ती पाटी उतरेल त्या दिवशी आपल्याला बरं वाटेल, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. नाही वाटलं. घरी येऊन ती ओट्याशी उभी राहून रडली.

पुढच्या वसंतात हार्मनचा वाढदिवस आला. गोलाकार खुर्च्या, मांडीवर केकची बशी. शेजारचा म्हातारा कौतुकानं म्हणाला, एंकहाउझनवाल्यांनी काय झकास यंत्र काढलंय, कंदाला धक्का म्हणून नाही.

"एंकहाउझनवाल्यांनी?" आफ्के कडाडली. "कान धुऊन ये, म्हाताऱ्या. ते आमच्या हार्मननं बनवलंय."

हार्मननं बशीतून मान वर केली नाही.

"मान हलवली असतीस," तो म्हणाला, "तर अजून आपलंच असतं."

"हलली नाही," आफ्के म्हणाली. "केक दे अजून."