पुडीचं श्रेय

मुलांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे मावशी बावीस वर्षं बसत होत्या. बद्धकोष्ठतेची पावडर पाण्यात कशी विरघळवायची, शी रोज होऊ लागली तरी पावडर महिनोन्महिने का थांबवायची नाही, हे त्या आयांच्या डोक्यात असं पक्कं बसवत, की आया एक वेळ डॉक्टरांचं विसरतील, मावशींचं नाही. पोराला नीट शी झाली की पहिली बातमी खिडकीवर यायची. मावशींचा सगळा तोरा त्या बातमीवर होता.

मग शेजारच्या खोलीत फिजिओथेरपीवाली ताई आली. कालची पोर. मुलांच्या पायांखाली स्टूल ठेवायची, पोट चोळून द्यायची, फुगा फुगवायला लावून जोर कसा लावायचा ते शिकवायची. आणि बातम्या तिच्या दारात जाऊ लागल्या. मावशींचा नुसता जळफळाट झाला. "मग फुगेवाल्यालाच दवाखाना काढून द्या की," असं त्या शिपायाला ऐकवत.

एक पाच वर्षांची मुलगी यायची. दुखतं म्हणून दिवसच्या दिवस शी धरून ठेवायची. पावडर आणि व्यायाम दोन्ही सुरू झाले, आणि तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली. तिची आई खिडकीशी आली.

"ताईंनी जादूच केली हो. आता पावडर बंद केली तर चालेल ना?"

याचं उत्तर मावशींनी झोपेतसुद्धा दिलं असतं. पण 'ताईंनी' ऐकून त्यांचं डोकंच फिरलं.

"मला काय विचारता? जादू करणारी बसलीय ना तिकडे."

आई हसली आणि निघाली. तिला तो होकार वाटला, हे मावशींना कळलं. तरी त्यांनी हाक मारली नाही. पावडरीवाचून काय होतं ते एकदा कळू दे सगळ्यांना, असं त्यांच्या मनात होतं.

पंधरा दिवसांत कळलं. पोट टम्म फुगलेलं, रडून रडून दमलेली पोर आईच्या खांद्यावर पडली होती. मावशींना तिच्याकडे बघवेना.

"चूक माझी," ताई आईला म्हणाली. "व्यायामासोबत पावडर चालूच ठेवायची, हे मी बजावून सांगायला हवं होतं."

मावशी उठून खिडकीबाहेर आल्या. "तुझी नाही गं. त्यांनी मला विचारलं होतं. माहीत असून मी सांगितलं नाही. तुझा हेवा वाटत होता मला."

मग त्या खिडकीमागे परतल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर मावशींनी काढली. पाणी किती, दिवसातून किती वेळा, सगळं दोनदा सांगितलं. आईने ते मान खाली घालून ऐकलं. मग पुडी हातात धरून ती ताईकडे वळली.

"ताई, बरोबर सांगतायत ना या?"